सात वाजताची गोळी

रिनाचा ताप उतरला, त्या सकाळी भैयाजी मेश्रामांनी खरं तर सगळ्यात जास्त भ्यायला हवं होतं. पण माणसाचं असंच असतं. सात दिवस फणफणलेल्या पोरीचं कपाळ हाताला गार लागलं, तसे ते अंगणात खुर्ची टाकून दोन कप चहा प्यायले आणि बहिणीला म्हणाले, की आता पोळ्याला पुरण घालायला हरकत नाही.

भैयाजी तसे सहजासहजी निर्धास्त होणाऱ्यातले नव्हेत. चिचटोल्यात त्यांच्याएवढा भित्रा माणूस शोधून सापडला नसता, आणि हे तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. आरमोरीच्या एका राइस मिलवर त्यांनी सव्वीस वर्षं मशीन सांभाळली होती. बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी त्यांना आवाजावरून कळायचं, म्हणून मालक चेष्टेनं त्यांना डॉक्टर म्हणायचा. तोच कान घरी आल्यावर पोरीच्या छातीकडे लागलेला असे.

कारण रिनाच्या छातीत टिकटिक व्हायची. खरोखरची, ऐकू येणारी. बारावीच्या परीक्षेत वर्गावरच्या मास्तरांनी कोणाचं घड्याळ वाजतंय म्हणून सगळ्या पोरांचे खिसे तपासले होते, आणि शेवटी रिनानं हात वर करून सांगितलं होतं, की सर, ते काढून ठेवता येत नाही. ही गोष्ट ती हसत हसत सगळ्यांना सांगे. भैयाजींना मात्र ती कधी हसण्यासारखी वाटली नाही.

रिना आठ वर्षांची असताना तिचा घसा दुखला होता. घसाच तो, कोणाचा दुखत नाही? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे सुजले, मग सूज आपोआप उतरली आणि सगळे विसरून गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी फार नंतर समजावून सांगितलं, की घशातल्या जंतूंशी लढायला शरीर उठलं आणि त्या हाणामारीत आपल्याच हृदयाची झडप जायबंदी करून बसलं. सोळाव्या वर्षी ती झडप काढून तिथं धातूची बसवली. रिनाची आई तोवर गेलेली होती, त्यामुळे ऑपरेशनच्या दाराबाहेर भैयाजी एकटेच बसले होते.

धातूची झडप लोखंडासारखी टिकते, पण रक्ताला ती परकीच वाटते. तिच्यावर रक्त गोठायला बघतं, आणि गोठलं की झडप अटकते. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आली, ती रोज, जन्मभर. गोळी कमी पडली तर गाठ होणार, जास्त झाली तर कुठूनही रक्त जाणार. भाताच्या बांदीच्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालावं तसं मधोमध चालायचं, आणि आपण धुऱ्यावर आहोत की घसरलो, हे दर महिन्याला रक्त तपासून बघायचं. डॉक्टरांनी चार गोष्टी बजावल्या होत्या. गोळी ठरल्या वेळी घ्या. महिन्याची तपासणी चुकवू नका. पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून भाजी खा, पण रोज सारखीच खा, एकदम वाढवू नका आणि एकदम सोडू नका. आणि कसलाही ताप आला, तर घरी न थांबता दवाखाना गाठा.

चारपैकी पहिली गोष्ट भैयाजींच्या काळजात खिळ्यासारखी बसली. बाकीच्या तीन त्यांना ठाऊक होत्या, एवढंच. याला कारण होती पुनम. पुनम कोरपन्याकडची, रिनाच्या शेजारच्या खाटेवरची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई. तिलाही तसलीच झडप होती. कापूस वेचणीच्या दिवसांत गोळ्या संपल्या, वेचणी सोडून आणायला जायचं कोणी, म्हणून बारा दिवस तशीच राहिली. ती आली तेव्हा तिला दोन शब्द एका श्वासात बोलता येत नव्हते. भैयाजींनी तिची घरघर दोन दिवस ऐकली. तिसऱ्या दिवशी खाट रिकामी होती आणि खाली तिच्या डब्याची पिशवी राहून गेली होती.

त्या दिवसापासून सायंकाळचे सात म्हणजे सात. मोबाइलमध्ये गजर, खिशात पाकीट, हातात पाण्याचा पेला. रिना मैत्रिणीच्या लग्नाला मुलचेऱ्याला गेली, तेव्हा गोळी गिळल्याचा घोट ऐकू येईपर्यंत भैयाजींनी फोन सोडला नव्हता. पोरगी तेवीस वर्षांची झाली, ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून लागली, सरपंचाच्या चुका सरपंचाला दाखवू लागली. तरी सात वाजले की ती लहान लेकरासारखं तोंड उघडे आणि भैयाजी गोळी तिच्या जिभेवर ठेवत. सात वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि गर्व करण्यासारखी दुसरी गोष्ट त्यांच्याकडे नव्हती.

ऑगस्टच्या शेवटाला वैनगंगा फुगली आणि तिचं पाणी गावाच्या नाल्यातून उलटं चढलं. विहिरी गढूळ झाल्या. घरोघरी जुलाब सुरू झाले, त्यात रिनालाही झाले आणि दुसऱ्या दिवशी तिला सणकून ताप भरला. ताप आला की दवाखाना गाठायचा, हे भैयाजींना आठवलं नाही असं नाही. पण त्यांना वाटलं, डॉक्टर म्हणाले तो ताप छातीचा असणार. हा तर पोटाचा आहे, सगळ्या गावाला आहे. आणि तिसऱ्या दिवशी नाल्याच्या पुलावर कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा आठवूनही उपयोग उरला नाही. त्या महिन्याची रक्ताची तपासणीही त्या पाण्यातच राहिली.

ताप आला त्याच दिवशी ते आरोग्य उपकेंद्रात जाऊन गोळ्या घेऊन आले होते. साक्षी सिस्टर महिन्याभरापूर्वीच बदलून आलेली. बाहेर पन्नास माणसं उभी होती. तरी तिनं विचारायचं ते विचारलं, की पेशंटला दुसरा काही आजार आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का. भैयाजी म्हणाले, नाही, बाकी काही नाही. ते खोटं बोलले नाहीत. सात वर्षं रोज दिलेली गोळी त्यांच्या लेखी औषध राहिलीच नव्हती. भातात मीठ घालतो ते कोणी औषध म्हणून सांगतं का? सिस्टरनं तापाच्या गोळ्या दिल्या, मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या दिल्या, जुलाबाच्या जंतूंवरच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत उतार नाही पडला तर मुलीला घेऊन या, असं सांगितलं. जुलाब तेवढ्यात आटोक्यात आले, म्हणून ताप राहिला तरी भैयाजी परत गेले नाहीत.

घरात स्वयंपाक इंदुताईंचा. इंदुताई ही भैयाजींची थोरली, विधवा बहीण. भैयाजी तिला बाई म्हणत आणि चुलीच्या बाबतीत तिच्यापुढे ब्र काढत नसत. पावसाळ्यात तिच्या हातची भाजी नाही असा दिवस जात नसे. आज तरोटा, उद्या अंबाडी, परवा चेचभाजी, सगळी बांदीवरून नाहीतर जंगलाच्या कडेनं खुडून आणलेली. रिनाच्या गोळीचा डोस या भाजीच्या हिशेबानंच वाढवत वाढवत बसवलेला होता. पण आजाऱ्याला आमच्या झाडीपट्टीत पेजच. तांदूळ गळेपर्यंत शिजवायचे, पाणी वाढवायचं, मीठ टाकायचं, बस. तापात भाजी दिली की ताप हाडात मुरतो, हे इंदुताईला तिच्या सासूनं सांगितलेलं आणि त्यावर गावात कोणाचं दुमत नव्हतं. सात दिवस रिनाच्या पोटात हिरवं पान गेलं नाही. पेजसुद्धा चार घोटांच्या वर जात नव्हती.

गोळी मात्र जात होती. तिसऱ्या दिवशी गिळल्यागिळल्या तिला उलटी झाली. गोळी पडली की राहिली? उलटीत तर दिसली नाही, पण न दिसण्याचा भरवसा काय? डोळ्यांपुढे पुनमची खाट आली. त्यांनी दुसरी गोळी काढून दिली आणि ती पोटात राहते की नाही हे बघत दाराशी बसून राहिले.

सातही दिवस ते तिथंच बसत. कान लावून. टिकटिक खणखणीत आहे, घोगरी झाली नाही, अडखळली नाही. झडपेवर गाठ होऊ लागली की तो आवाज दबतो, हे त्यांना वॉर्डातल्या ब्रदरनं सांगितलेलं होतं. रिनानं कूस बदलली की ते उठून जवळ जात. ती म्हणे, बाबा, झोपा ना, आणि ते म्हणत, मी कुठी जागा हाय. संबंध घर त्यांच्या भीतीनं भरून गेलं होतं.

तर त्या आठव्या सकाळी ताप उतरला, चहा झाला, पुरणाचा बेत झाला. इंदुताई पोरीचं अंग पुसून द्यायला गरम पाणी घेऊन आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिनं भावाला हातानं बोलावलं.

रिना बाजेवर बसली होती. हात पुढे केलेला. रात्रभर ज्या अंगावर ती झोपली होती, त्या बाजूच्या दंडावर बाजेच्या दोऱ्यांची वीण उमटली होती. तशी ती कोणाच्याही अंगावर उमटते आणि चूळ भरेपर्यंत जाते. ही गेली नव्हती. ही निळी होती, काळसर निळी, दोरीन दोरी मोजता यावी अशी. पाठ सगळी तशीच आहे, असं इंदुताई म्हणाली. भैयाजींनी बोटानं दाबून पाहिलं. रंग हलला नाही.

त्यांनी आधी काय केलं असेल, तर कान लावला. टिकटिक अगदी ठणठणीत होती. मग झालंय काय? अशक्तपणा असेल, किड्यानं चावलं असेल, इंदुताई एकेक सुचवत होती आणि भैयाजी त्या एकेकाला हो म्हणत होते, कारण हो म्हणायला बरं वाटत होतं. तेवढ्यात रिनानं पेजेची वाटी तोंडाला लावून खाली ठेवली. पांढऱ्या पेजेत लाल धागा तरंगत होता.

भैयाजी अनवाणीच उपकेंद्राकडे गेले.

साक्षी सिस्टर आली. तिनं रिनाचे दंड बघितले, हिरड्या बघितल्या, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाली, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या माझ्यासमोर आणा. भैयाजींनी तिनं दिलेल्या गोळ्या आणल्या. ती म्हणाली, सगळ्या. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून ते पाकीट काढलं. सिस्टरनं नाव वाचलं. तिचा चेहरा असा झाला, की इंदुताईनं तिला बसायला पाट दिला.

"काका, मी विचारलं होतं तुम्हाले. दुसरं औषध चालू हाय का म्हणून."

"हे तर रोजचं हाय," भैयाजी म्हणाले. "सात वर्सं झाले. याले औषध कोण म्हणते?"

रिनाच्या तपासणीच्या वहीवर नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर होता. तो चार वेळा लागला नाही, पाचव्यांदा लागला. सिस्टरनं फोन मोठ्या आवाजावर टाकून एकेक सांगितलं. ताप, जुलाब, कुठल्या गोळ्या, किती दिवस. पलीकडून डॉक्टरांनी खायला काय देता म्हणून विचारलं. पेज, असं भैयाजी म्हणाले. भाजी? भाजी कशी देणार साहेब तापात. मग डॉक्टरांनी सांगितलं, की जुलाबाच्या त्या गोळीनं रक्त पातळ करायच्या गोळीचा जोर दुपटी-तिपटीनं वाढतो, तापानं आणि उपासानं तो आणखी वाढतो, आणि त्याला आवर घालणारी भाजीही बंद होती. तिच्या रक्तात आता गोठायची ताकद उरलेली नाही. आजची गोळी द्यायची नाही. मी सांगेपर्यंत कुठलीच द्यायची नाही. कसंही करून आजच आरमोरी गाठा, आणि तिला कुठंही आपटू देऊ नका. डोक्याला तर साधा टेंगूळही येऊ देऊ नका.

भैयाजींनी सिस्टरच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. "साहेब, गोळी चुकली तर झडप अटकते. तुमीच सांगतलं होतं. मी पाह्यलं हाय."

"अटकू शकते," डॉक्टर म्हणाले. "पण त्याला काही दिवस लागतील, आणि तोवर ती आमच्यासमोर असेल. डोक्यात रक्त गेलं तर तेवढा वेळ मिळणार नाही."

म्हणजे दोन्हीकडं मरणच होतं. सात वर्षं भैयाजी धुऱ्याच्या एकाच अंगाला बघत चालले होते, आणि पोरगी दुसऱ्या अंगाला घसरली होती. त्यांच्याच हातानं. हे त्यांना उभ्या उभ्या लख्ख कळलं. पण त्यावर विचार करत बसायला वेळ नव्हता.

पुलावरून ट्रॅक्टर काढतो, म्हणून दोघं-तिघं तयार झाले होते. सिस्टरनं त्यांना हात जोडले. ट्रॅक्टरच्या एका हिसक्यानं काम तमाम होईल, असं म्हणाली. उरला मासेमारी करणारा लच्छू ढिवर आणि त्याची लाकडी होडी, त्याचा डोंगा. लच्छू तापट माणूस, पाण्यात कोणी मधे बोललेलं त्याला खपत नसे. त्यानं डोंग्यात भाताची तणस पसरली, वर इंदुताईच्या दोन वाकळा टाकल्या आणि चौघांनी चादरीसकट रिनाला उचलून आत ठेवलं. भैयाजी तिच्या डोक्याशी बसले. तिचं डोकं त्यांनी दोन्ही तळव्यांत धरलं, अंडं धरावं तसं.

दुपारचे चार वाजले असतील. पाणी वर गुळगुळीत दिसत होतं आणि खाली ओढ होती. मधून मधून ओंडके वाहत येत. लच्छू बांबूनं त्यांना बाजूला सारी, आणि दर वेळी डोंगा कलला की भैयाजी श्वास धरून ठेवत. एक बाभळीचं खोड लच्छूच्या बांबूला चुकलं आणि डोंग्याच्या अंगावर येऊन थडकलं. फार जोरात नाही. एरवी कोणी लक्षही दिलं नसतं. भैयाजींच्या हाताची मागची बाजू लाकडावर सोलवटली, पण तळव्यातलं डोकं हललं नाही. रिना वर बघत होती. "दुखते का बाबा?" असं तिनं विचारलं. ते नाही म्हणाले. खरंच त्यांना काही कळत नव्हतं. पलीकडचा काठ दिसत होता आणि जवळ येत नव्हता, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की या पोरीच्या आत आत्ता कुठं काय फुटत असेल, ते कानाला ऐकू येणार नाही. मशीन बोलते. रक्त बोलत नाही.

आरमोरीच्या दवाखान्यात रक्त किती पातळ झालंय, त्या तपासणीचा आकडा आला. तो तीनच्या आसपास असायला हवा. तंत्रज्ञानं मशीन चुकली असेल म्हणून पुन्हा एकदा लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा तो अकराच्या वर गेला. तिथल्या डॉक्टरांनी रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन अगदी मोजून, थोडंसंच दिलं. जास्त दिलं तर उलट झडपेवर गाठ व्हायची. मग गडचिरोलीला फोन करून प्लाझ्मा तयार ठेवायला सांगितलं आणि दोघांना गाडीत बसवून दिलं.

गाडी वाटेत असताना भैयाजींच्या खिशात गजर वाजला.

सात वर्षांची सवय म्हणजे काय असते, ते त्या क्षणी कळलं. काय करतोय हे लक्षात यायच्या आत त्यांच्या हातानं पाकीट काढलं होतं आणि अंगठ्यानं गोळी तळव्यावर पाडली होती. आणि स्ट्रेचरवर अर्धवट डोळे मिटून पडलेल्या रिनानं, गजर ऐकून, तोंड उघडलं होतं. तिच्या दातांच्या फटींतून रक्त दिसत होतं. ती वाट बघत होती. ती चिमुकली गोळी भैयाजींच्या हातात होती आणि डोक्यात पुनमची घरघर होती. एक दिवस, दोन दिवस, किती दिवसांत अटकते? डॉक्टरांना तरी काय माहीत? ते हजारो पोरींचे डॉक्टर, माझी एकच. हात पुढे गेलाही होता.

"आज नाई," ते म्हणाले. त्यांनी मूठ मिटली. "आज नाई घ्याची, बेटा."

तिनं तोंड मिटलं. मूठ त्यांनी गडचिरोली येईपर्यंत उघडली नाही. गोळीचा घामानं पिवळट लगदा झाला होता.

पुढचे तीन दिवस भैयाजी जगले, एवढंच म्हणता येईल. प्लाझ्माच्या पिशव्या चढल्या. डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. झडपेला जंतू चिकटले की काय, म्हणून रक्तात जंतू वाढतात का ते पाहायला ठेवलं, तेही निर्मळ आलं. आकडा अकरावरून पाचावर आला, पाचावरून अडीचवर. मग डॉक्टरांनी सांगितलं, की उद्यापासून गोळी पुन्हा सुरू, निम्मी, आणि झडप सांभाळायला पोटात इंजेक्शन. इंदुताईनं लच्छूच्या हाती डबा पाठवला होता. त्यात भात, वरण आणि अंबाडीची भाजी होती. सगळं ठीक चाललं होतं. त्या दुपारी रिना उशाला टेकून बसली आणि बापाकडे न बघता बोलली.

"चौथ्याच दिवसी लघवी लाल होऊन राह्यली होती, बाबा."

भैयाजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. "काऊन नाई सांगतलं?"

"तुमी दाराशी बसून राहत होते. तुमचं तोंड पाह्यलं का मलेच भेव लागे. म्हटलं, याईले आनखीन कायले सांगू. जाईल आपोआप."

भैयाजी उठून व्हरांड्यात गेले आणि लोकांच्या चपलांमध्ये भिंतीला टेकून बसले. तिला टिकटिक ऐकू यायची, त्यापेक्षा बापाची भीती मोठ्यानं ऐकू येत होती. गोळीच्या चुकीला निदान नाव होतं. जुलाबाची गोळी, पेज, उलटीनंतरची दुसरी गोळी, डॉक्टरांनी सगळं मोजून दाखवलं होतं. याला काय नाव द्यायचं? चार दिवस. चौथ्या दिवशी पुलावर पाणी होतं, पण लच्छूचा डोंगा तर होता. माया म्हणून जे आयुष्यभर केलं, त्यानं पोरीचं तोंड बंद केलं होतं. भैयाजी तिथं रडले. कोणी विचारलं नाही, दवाखान्याच्या व्हरांड्यात रडणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

बऱ्याच वेळानं ते तोंड धुऊन परत आले आणि स्टूल ओढून बसले. म्हणाले, आतापासून मी रोज विचारीन. तू रोज सांगायचं. रिना म्हणाली, विचारा, पण विचारताना तोंड असं करू नका. कसं? असं, म्हणून तिनं करून दाखवलं, डोळे फाटलेले, ओठ सुकलेले. ते इतकं हुबेहूब होतं, की शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली. भैयाजीही हसले. पण त्यांना ते शिकायला लागणार होतं, आणि साठीला आलेल्या माणसाला नवा चेहरा शिकणं सोपं नसतं.

गोळी सुरू झाल्याला तीन दिवस झाले. सकाळी ते नळावरून आले. येताना त्यांनी मनात दोन-तीनदा घोकलं होतं. स्टुलावर बसून, उद्या बाजार आहे का असं विचारावं त्या आवाजात त्यांनी विचारलं, "आज रक्त दिसलं का कुठी?"

रिना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, चांगली खूप वेळ. ती काय शोधते आहे, हे भैयाजींना ठाऊक होतं. त्यांनी गालांवरची एक शीर हलू दिली नाही.

"हो," ती म्हणाली. "ब्रश करतानी. थोडसंक. हिरडीले."

त्यांना वाटलं, आत्ता ओरडावं, डॉक्टरांना हाका माराव्यात, धावत सुटावं.

"बरं," ते म्हणाले. "सांगून येतो सिस्टरले."

सिस्टरचं टेबल वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. तिथवर ते चालत गेले, कारण रिना मागून बघत होती.